अण्णांच्या फियाटचा तळ

अंबरीश घाटपांडे यांनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फेरीत पास केली नव्हती. अपवाद एकच, ते स्वतः. भोपाळात पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते आणि दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या कामावर लाल खडूने फुली मारणं हा त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग होता. उद्योग उत्तम चालला. पुढे नोकरी संपली, टाउनशिपचं क्वार्टर सुटलं, अयोध्या नगरात स्वतःचं घर झालं, पण हातातला खडू काही सुटला नाही. पोह्यांत मीठ कमी पडलं तर ते बायकोला कारणांसह समजावून सांगत, आणि बरोबर पडलं तर "ठीक" म्हणत. हे "ठीक" ऐकायला वसुधाबाई काही उत्सुक नव्हत्या. त्यांना फक्त कारणं ऐकायची नव्हती, म्हणून त्या मीठ बेतानं घालत.

पोर्चमध्ये उभी असलेली फियाट मात्र घाटपांड्यांची नव्हती. ती वसुधाबाईंच्या वडिलांची, अण्णांची. छप्पन साली सरकारी कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या, त्या सामानात अण्णाही हलले. इथलं पाणी जड आहे, इथल्या लोकांना वरण करता येत नाही, असं म्हणत म्हणत त्यांनी सगळं आयुष्य इथेच काढलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ही फियाट घेतली आणि वसुधा कॉलेजात गेली तेव्हा तिला ती चालवायला शिकवली. श्यामला हिल्सच्या चढावर गाडी उभी करायला लावायचे आणि म्हणायचे, "आता एक इंचही मागं न जाता उचल." ती उचलायची. त्या वयातल्या इतर मुली चढावर सायकलवरून उतरून चालत होत्या, आणि ही पोरगी स्टिअरिंगखालचा गिअर खटकन पाडून अण्णांना घेऊन वर जात होती. अण्णांना त्याचा एवढा अभिमान होता की घरी येईल त्या पाहुण्याला, त्याची इच्छा असो वा नसो, चढावर नेऊन दाखवत.

मग लग्न झालं. पहिल्या दिवाळीला माहेरून पिपलानीपर्यंत गाडी वसुधानं चालवली आणि नवरा डाव्या बाजूला बसला. पूर्ण रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही. ती खुळी मनातल्या मनात खूश होती, तिला वाटलं कौतुकानं गप्प आहे. क्वार्टरच्या दारात उतरून त्यानं निकाल दिला, "क्लचवर पाय ठेवून चालवतेस. प्लेट खराब होईल." झालं, पडली फुली. त्यानंतर डावी सीट वसुधाची ठरली. अण्णा गेल्यावर गाडी त्यांच्याच दारात आली, तरी चालवायचे अंबरीशराव आणि पुढे गुडघा दुखायला लागल्यावर कुणीच नाही. वसुधाबाईंनी मात्र आपलं लायसन्स कधी मरू दिलं नाही. मुदत संपत आली की त्या गुपचूप आरटीओत जाऊन नवं करून आणत. ते कशासाठी, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

अण्णांनी जाण्यापूर्वी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं होतं, "गाडी जो चालवील त्याची. उभी करून ठेवणाऱ्याची नाही." धाकटा जयंत तेव्हा मान डोलावून पुण्याला निघून गेला. पुण्यात त्याचा लग्नाच्या लॉनचा धंदा आहे आणि तो जोरात आहे. गणपती उठल्यावर एक दिवस त्याचा फोन आला.

"ताई, फियाट नाहीतरी तुमच्याकडे पडूनच आहे ना? मी घेऊन जातो. लॉनच्या गेटपाशी उभी करतो, डिकीत झेंडूची झाडं लावतो, नवरा-नवरीला बॉनेटवर बसवून फोटो. लोक वेडे होतात गं अशा जुन्या गाड्यांना. भाऊबीजेला येतोच आहे, ट्रकचं सांगूनच येतो."

इतरांचे भाऊ भाऊबीजेला ओवाळणी घेऊन येतात. वसुधाबाईंचा भाऊ न्यायला येणार होता. त्यांच्या डोळ्यांपुढे अण्णांच्या गाडीच्या डिकीत झेंडू आणि बॉनेटवर कुणाचा तरी लेहंगा आला.

"आणि तोवर चालली तर?" त्या म्हणाल्या.

जयंत मनापासून हसला. "चालली तर तुझीच की! अण्णांचा शब्द आहे. पण तू चालवायची हं ताई, जिजाजींनी नाही. आणि गेटच्या आत नाही, रस्त्यावर."

"ठरलं," वसुधाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून थेट पोर्चमध्ये गेल्या. इंजिनाची चिंता नव्हती. मागच्या हिवाळ्यात एका मेकॅनिकला बोलावून त्यांनी ते सुरू करून घेतलं होतं आणि दर आठवड्याला गाडी जागची न हलवता जरा वेळ चालू ठेवतही होत्या. त्या चालकाच्या सीटवर बसल्या, किल्ली फिरवली आणि सवयीनं क्लच दाबायला टाच रोवली. टाच रोवली गेली ती थेट गाडीच्या बाहेर. रबरी मॅट, गालिचा, पत्रा असं सगळं ओलांडून पाय खाली गेला आणि पोटरीला पोर्चमधला वारा लागला. पाय सोडवून त्यांनी वाकून पाहिलं, तर खालची फरशी दिसत होती आणि फरशीवर मांजर बसलं होतं. मांजरानंही वर पाहिलं.

एवढ्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? एखादा डेंटर गाठला असता आणि नवऱ्याला काशीयात्रेला पाठवलं असतं. वसुधाबाईंनी नवऱ्याला हाक मारली.

अंबरीशराव आले, वाकले, गुडघा धरून पुन्हा सरळ झाले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "हात लावू नकोस कशालाही," ते म्हणाले, "आधी तपासणी."

तपासणी म्हणजे सोहळाच. सीटा बाहेर निघाल्या, त्यांच्यामागून गालिचा. गालिच्याखालून फुलाफुलांचा लिनोलियम निघाला, तो रबराच्या सोल्युशननं इतका इमानदारीनं चिकटवलेला की खरवडताना उलथनी वाकली. त्याखाली डांबराचा थर, आणि थराखाली जे काही होतं त्याला पत्रा म्हणणं हा पत्र्याचा अपमान होता. तपकिरी पापुद्रे हाताला येत होते, खारी बिस्किटाचे येतात तसे. अंबरीशराव एका हातात छोटी हातोडी आणि दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन ओणवे झाले. हातोडीनं ठोकायचं, खणखणीत वाजलं तर पत्रा जिवंत, बद्द वाजलं तर मेला. शंका आली तर स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा. जिवंत असेल तिथे काही नाही, जरा आजारी असेल तिथे पिवळा खडू, मेला असेल तिथे लाल. वसुधाबाईंना पिवळा खडू शेवटपर्यंत दिसला नाही.

"कारण सापडलं पाहिजे," अंबरीशराव म्हणाले. "दोषाचं मूळ कारण सापडल्याशिवाय दुरुस्तीला अर्थ नसतो. मला तर आधीच्या मालकाचा निष्काळजीपणा दिसतो. अण्णांनी गाडी आतून धुतली असणार. पाणी साचून राहिलं."

वसुधाबाईंनी लिनोलियमचा तुकडा उचलून उजेडात धरला. "हा आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातला आहे. उरलेला. तुम्हीच चिकटवलात, गाडी आतून दमट होऊ नये म्हणून. दर दसऱ्याला तुम्हीच बादल्या ओतून आतून धूत होतात आणि ते पाणी तुमच्याच लिनोलियमखाली वर्षभर सुखानं नांदत होतं."

अंबरीशरावांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "त्या काळचं स्पेसिफिकेशन वेगळं होतं," ते म्हणाले. मूळ कारणाचा शोध तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी नफीसभाई आला. गोविंदपुऱ्यात त्याचं डेंटिंगचं वर्कशॉप होतं आणि तो अंबरीशरावांच्या बरोबर उलट माणूस होता. त्याच्या लेखी जगातली कुठलीही गोष्ट नापास नव्हती. चेपलेली बस असो, जळालेली व्हॅन असो, तो तिच्याकडे लाडानं बघून म्हणायचा, "हो जाएगी खां." त्यानं फियाटच्या तळाकडे, म्हणजे तळ जिथे असायला हवा होता तिथे, पाहिलं.

"हो जाएगी," तो म्हणाला. "आंटी, बिल्कुल टेंशन नी लेने का. जहाँ-जहाँ गल गई है, उत्ती काट के नई चद्दर के पैबंद मार देंगे. ऊपर से पुट्टी, फिर रेड ऑक्साइड. दिवाली से पहले आप चला रहे."

"पैबंद?" अंबरीशराव गरजले. "ठिगळं लावायची? नफीसभाई, हमारे यहाँ एक नियम था. लॉट में से सँपल फेल, तो पूरा लॉट रिजेक्ट. ये फर्श एक लॉट है. दाएँ का भी, बाएँ का भी. पूरा काटो. एक साथ."

"एक साथ दोनों साइड?" नफीसभाईनं डोकं खाजवलं.

"एक साथ."

"हो जाएगी," नफीसभाई म्हणाला. नाही म्हणायची त्याच्या घराण्यातच रीत नसावी.

आता या गाडीला चासी नावाचा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दोन बाजूंच्या पेट्या आणि वरचं अंग मिळूनच ती ताठ उभी राहते, खाटेची नवार काढली तर कडेची गातंही सैल पडावीत तसला प्रकार. तळ कापायचाच असेल तर आधी दारांच्या चौकटीत आतून आडवे पाइप वेल्ड करून अंग धरून ठेवायचं, आणि मग एका वेळी एकच बाजू कापायची. हे पुढे सगळ्यांना कळलं. त्या दिवशी मात्र फियाट पुढच्या आणि मागच्या बाजूला विटांवर चढवली होती, मध्ये टेकू म्हणून मांजर होतं, आणि ग्राइंडर सुरू झाल्यावर तेही पळालं. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचा तळ अंगणात पडला होता. अंबरीशरावांनी त्या तुकड्यांवरच्या लाल फुल्या समाधानानं मोजल्या नसतील तर नवल.

फरक पहिल्यांदा वसुधाबाईंच्या लक्षात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर पुन्हा आत शिरू नये म्हणून त्या दारं लावायला गेल्या, तर डाव्या बाजूची दोन्ही दारं चौकटीत बसेनात. खाली बसवलं तर वर अडे, वर दाबलं तर खाली फट. गाडी मध्यभागी किंचित खचली होती, पाठीला बाक आल्यासारखी.

"अहो, दारं लागत नाहीयेत."

"आत्ता तळाचा टप्पा चालू आहे," अंबरीशराव वर न बघता म्हणाले. "दारं या तपासणीच्या कक्षेत येत नाहीत."

"पण गाडी वाकलीय!"

"वाकलेली दिसते. मोजल्याशिवाय वाकली म्हणता येत नाही." आणि त्यांनी ते मोजलं नाही, कारण कक्षेत येत नव्हतं.

वसुधाबाईंनी नफीसभाईला विचारलं. त्यानं एका लाकडी ठोकळ्यावर घणाचे दणके घातले आणि डावीकडची दोन्ही दारं, उजवीकडचं मागचं दार, अशी तीन दारं चौकटीत घुसवली. "लो आंटी, लग गए." ती लागली यात वाद नव्हता. पुन्हा उघडली मात्र नाहीत. "बाद में देख लेंगे," तो म्हणाला. राहिलं चालकाचं दार. ते निम्मं बसत होतं, ओढलं की उघडतही होतं, म्हणून कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. आणि अशा त्या बाकदार अंगावर नवा पत्रा चढला. त्यामुळे बाकही कायमचा पक्का झाला.

पत्र्याबद्दल मात्र बोलायला जागा नव्हती. नफीसभाईनं मूळ तळासारख्या पन्हळी ठोकून काढल्या, सीओटूच्या वेल्डिंग मशिनीनं टाका घातला. अंबरीशरावांनी तो नापास केला. टाका खडबडीत होता. नफीसभाईनं तो घासून गुळगुळीत केला, तर आता जास्तच घासला गेला होता. मग आत अंधार करून खालून विजेरी मारली गेली आणि सुईएवढा उजेड दिसला, फुली. पाणी ओतलं, थेंब पाझरला, फुली. नफीसभाई प्रत्येक फुलीला हसून "हो जाएगी" म्हणे आणि पुन्हा मशिन पेटवी. दोन माणसं इतक्या आनंदात एकमेकांच्या विरुद्ध काम करताना वसुधाबाईंनी पाहिली नव्हती. वसुबारस झाली, धनत्रयोदशी झाली. शेजारणी चकल्या घेऊन येत आणि विचारत, "यंदा गाडीतूनच येणार ना आमच्याकडे?" वसुधाबाई हसून चकल्या घेत आणि आत जाऊन डबा दाणकन आपटत.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी अंबरीशरावांनी उजव्या बाजूच्या एका टाक्याभोवती नवी लाल फुली काढली, आणि वसुधाबाईंच्या हातातली रांगोळीची वाटी तिथेच थांबली.

"पुसा ती," त्या म्हणाल्या.

"अगं, अजून एकदा नीट केलं तर..."

"पुसा म्हणते ना! परवा भाऊबीज आहे. परवा तो ट्रक घेऊन येईल आणि माझ्या बापाच्या गाडीत झेंडू लावील, तुमच्या एका टाक्यापायी. तुम्हाला दोष काढता येतात, मान्य. जन्मभर तेच केलंत. पण मला एकदा सांगा, पास म्हणून तुम्ही काय केलंत आजवर? पंधरा मिनिटं चालवली मी गाडी लग्नानंतर. पंधरा मिनिटं! तेवढ्यावर मला जन्मभराची रद्द केलीत, आणि मीही मुकाट्यानं डाव्या बाजूला बसले. चुकलंच माझं."

अंबरीशराव उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ओणवं होऊन फुली पुसली. मग स्वतःच रेड ऑक्साइडचा डबा आणि ब्रश आणून तो सगळा दिवस ते तळाला रंग देत बसले. पूजेला बसले तेव्हाही हात लालच होते. वसुधाबाईंना त्यांची दया आली, पण रागही गेला नव्हता, आणि दोन्ही एकत्र ठेवून त्यांनी प्रसाद वाढला.

पाडव्याला नफीसभाईनं सीटा बसवल्या, गाडी विटांवरून उतरवून चाकांवर घेतली आणि आपल्या मेव्हण्याकडे जेवायला विदिशाला निघून गेला.

भाऊबीजेच्या सकाळी वसुधाबाई न्हाऊन, अबोली रंगाची इरकली नेसून, ओवाळणीचं तबक तयार ठेवून पोर्चमध्ये आल्या. जयंत ट्रक घेऊन अकराच्या सुमारास येणार होता. त्याआधी बस स्टॉपपर्यंत एक फेरी मारून हात साफ करावा, असा त्यांचा बेत होता. त्या चालकाच्या सीटवर बसल्या. पाय टेकवला. खाली तळ होता, घट्ट, कुरकुर न करणारा. एवढ्यानंच त्यांना भरून आलं. दार त्यांनी ओढून घेतलं, ते नेहमीसारखं निम्मं बसलं.

"थांब," अंबरीशराव म्हणाले. "असं अर्धवट दार लावून रस्त्यावर जायचं नाही. वळणावर उघडेल."

"राहू द्या, मी धरून ठेवीन."

"धरून? दार धरून चालवणार? छे." आणि परवाच्या बोलण्याचं प्रायश्चित्त म्हणून की काय, त्यांनी बायकोच्या सुरक्षिततेसाठी दाराला खांदा लावला, दम घेतला आणि आपल्या वयाला न शोभणारी एक धडक दिली.

खाडकन आवाज झाला. दार बसलं. असं बसलं की चौकट कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये. अंबरीशरावांनी फटीत नख घालून पाहिलं, नख शिरेना. "वा," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग त्यांनी कडी ओढली.

दार हललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. वसुधाबाईंनी आतून ढकललं. इतर तीन दारांचं तर विचारायलाच नको, ती नफीसभाईच्या कृपेनं आधीच कायमची लागलेली होती. अंबरीशरावांनी फोन लावला. विदिशाहून नफीसभाईचा तृप्त आवाज आला, "हो जाएगी साब! आंटी को बोलो अंदर ही बैठी रहें, मैं शाम को आता हूँ."

आणि नेमका त्याच वेळी गेटसमोर ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून जयंत उतरला, अंगात रेशमी कुर्ता, डोळ्यांवर काळा चष्मा. गाडीत बसलेल्या बहिणीला पाहून तो आधी चपापला. मग त्याला सगळी हकीकत कळली आणि तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"जिजाजी, आतून पाइप न लावता दोन्ही बाजू कापल्या? एकदम? अहो, हे तर माझा डेकोरेशनवालासुद्धा करणार नाही." अंबरीशरावांनी दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. "बरं ताई, काच खाली आहे, खिडकीतून निघ."

"या वयात? इरकली नेसून? सगळ्या गल्लीसमोर?"

"मग बसून राहा आरामात. फळ्या लावून तुझ्यासकट चढवतो वर. नादरा बस स्टँडजवळ एक कटिंगवाला आहे, तिथे वरचं छप्पर कापून तुला काढू. मला नाहीतरी लॉनवर उघडीच गाडी बरी पडेल. फोटोला उजेड येतो."

छप्पर. वसुधाबाईंनी मान वर केली. छताचं पिवळट पडलेलं कापड अण्णांनी स्वतः दोन रविवार खपून बसवलं होतं. इतका वेळ त्यांना लाज वाटत होती, हसूही येत होतं. आता दोन्ही गेलं आणि डोकं एकदम थंड झालं.

"तबक आणा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

अंबरीशरावांनी तबक आणलं आणि खिडकीशी धरलं. "वाक," वसुधाबाई भावाला म्हणाल्या. जयंत खिडकीशी वाकला. त्यांनी खिडकीतून हात काढून त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, चौकटीला दिवा लागू न देता कसंबसं ओवाळलं, तोंडात पेढा घातला. जयंतनं खिशात हात घातला.

"ते नको," त्या म्हणाल्या. "ट्रक मागे घ्यायला सांग. गेट अडलंय."

पेढ्यानं जयंतचं तोंड भरलेलं होतं. तो तसाच हसला. "चालवणार? या डब्याला? ताई, खाली बघ एकदा. तळ पायाखाली राहील ना?"

वसुधाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. तबक हातात घेऊन, निरांजनाच्या धुरात डोळे बारीक करून ते उभे होते, आणि नखांत अजून लाल रंग होता.

"अहो, सांगा. तळ कसा आहे?"

अंबरीशरावांनी घसा खाकरला. उजव्या बाजूचा तो टाका त्यांना आठवला असणार, सुईएवढा उजेड आठवला असणार, कारण "तसा..." असं म्हणून ते थांबले. जयंतनं भुवया उंचावल्या. वसुधाबाईंचा हात किल्लीवर होता, आणि त्यांना कळत होतं की हा माणूस आत्ता "पण" म्हणाला तर आपण रडू.

"चांगला आहे," अंबरीशराव म्हणाले. "पूर्ण चांगला आहे. जा तू."

त्यापुढे काही कारणं आली नाहीत. वसुधाबाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि धरलं. ट्रकवाल्याला जयंतनं काही सांगायची गरज पडली नाही. समोरून येणारी फियाट आणि तिच्या काचेमागचा कुंकवाचा हात बघून त्यानं आपण होऊन ट्रक मागे घेतला. गेटमधून बाहेर पडताना गाडी जरा करकरली, वळली आणि सरळ झाली. गल्लीतल्या बायका ओवाळायचं टाकून दारात आल्या होत्या.

पिपलानीचा रस्ता सणामुळे मोकळा होता. सिटी बसच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवून सलाम ठोकला, वसुधाबाईंनीही भोंगा वाजवला, तो बिघडलेल्या सनईसारखा वाजला आणि त्या मोठ्यानं हसल्या. एकट्याच. वारा खिडकीतून येत होता, तळातून नाही. त्यांना इतका आनंद झाला होता की भीतीच वाटली, आणि त्याच्या खालोखाल संताप आला, सगळ्या वाया गेलेल्या वर्षांचा. तोही त्यांनी येऊ दिला. चौकातून त्या अयोध्या बायपासकडे वळल्या.

आरशात एक स्कूटर दिसली. अंबरीशराव चालवत होते, मागे जयंत रेशमी कुर्ता सावरत बसला होता, आणि दोघंही हात हलवून थांबायला सांगत होते. थांबून तरी काय, उतरता येणारच नव्हतं. पुढे चढ लागला होता. वसुधाबाईंनी गिअर खटकन खाली पाडला आणि गाडी वर काढली.